अळी नसलेली बोंडं

लोपूखच्या रानटी झुडपाचं एकेचाळिसावं काटेरी बोंडही रिकामंच निघालं. रोदिओनने चाकू टेबलावर आपटला.

“लोपूखलाही सरकारी नोकरी लागली वाटतं. वरून भरदार, आत काही नाही.”

त्याचा मासेमारीतला जोडीदार मित्रिच दाराशी बर्फ पोखरायचं गिरमिट मांडीवर घेऊन बसला होता. कोट काढायचीही त्याची तयारी नव्हती. अळ्या मिळाल्या की दोघं तसेच तलावावर जाणार होते. “अळ्या संपावर गेल्या असतील,” तो म्हणाला. “नाहीतर तुझं तोंड बघून पळाल्या. मी म्हणत होतो, दुकानातून घेऊ.”

“दुकानातली अळी बर्फावर तासाभरात मरते. ही गोठली तरी ऊब लागताच वळवळते. आणि फुकट मिळते. तुला गळाला काय लावायचं ते मी शिकवलं, आता तू मला शिकव.”

रोदिओनचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. गोठ्यामागचं लोपूख त्याचं हक्काचं. ते कुणा साहेबाच्या पाहणीसाठी पंचायतीने पानगळीच्या दिवसांत साफ कापून टाकलं. म्हणून आज तो गावाच्या वरच्या अंगाला, वाट सोडून कमरेएवढ्या बर्फात शिरला होता. तिथे माणसापेक्षा उंच रान माजलं होतं. अर्ध्या तासात पोतं भरलं. काटेरी बोंडं बाह्यांना, टोपीला, मिशांनाही चिकटली. चांगल्या रानात दोन बोंडं फोडली की एक तरी अळी निघते, तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरी, बियांच्या गुंत्यात अंग मुडपून झोपलेली. इथे मात्र एकेचाळीस बोंडं फोडून एकही नाही.

त्याची धाकटी बहीण क्लावदिया समोर बसून बोंडं फोडत होती. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. कालच ती आठ दिवसांच्या रजेवर आली होती. तिला चाकू लागत नसे. ती नखाने बोंड उकली, बिया कागदावर पसरी आणि पुढचं घेई.

“बिया सगळ्या शाबूत आहेत,” ती म्हणाली.

“मग काय बियांची आरती करू?”

“पोखरलेली एकसुद्धा नाही. जानेवारी संपत आला, पाखरांनीही चोच लावलेली नाही.”

“काटे असतात ना, क्लावदिया येगोरोव्हना,” मित्रिच म्हणाला.

“काटे दरवर्षी असतात.” तिने आणखी एक बोंड उकललं. मग आणखी एक. “रोद्या, ही आणलीस कुठून?”

“फवारणीच्या औषधांच्या जुन्या कोठारामागून. कुंपण काढलंय ना तिथलं आता.”

क्लावदियाचा हात थांबला. ती उठली, चुलीवरची किटली उचलली आणि उकळतं पाणी खरकट्याच्या बादलीत ओतलं. मग कोपऱ्यातली भरलेली बादली उचलून दाराकडे निघाली.

“अगं, वेड लागलं का? आत्ताच भरून आणलंय!”

“कुठून?”

रोदिओनने बादलीकडे पाहिलं. पाणी नव्या बोअरचं होतं. बोअर कोठाराच्या अंगणातच घेतली होती, ऑगस्टमध्ये. वरची सगळी आळी तेच पाणी पीत होती. बालवाडीही.

मित्रिच उभा राहिला. मांडीवरचं गिरमिट खाली पडलं. “बारा वाजत आले. पोरांना सूप वाढत असतील.”

“पळ!” रोदिओन ओरडला. “उल्यानालाच नाही, कुणालाच घोटभरही देऊ नका म्हणावं. ओतून टाकू दे सगळं!”

मित्रिच टोपी न घालताच धावत सुटला. रोदिओन खोलीत येरझारा घालू लागला. ऑगस्टपासून त्याची चार वर्षांची नात उल्याना त्या पाण्यावर वाढत होती. बादल्या तो स्वतः वाहून आणत होता, आणि पाणी गोड आहे म्हणून आल्यागेल्याला सांगत होता.

“ते रान बघून हरखलो मी! गाढव! विषाचं कोठार ते. लहानपणी बाबा तिकडे फिरकू देत नव्हते. पण पंचायतीत काचेच्या चौकटीत कागद लावलाय ना! जमीन निर्दोष आहे म्हणे. ‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन मातीचे नमुने घेतले’ असं छापलंय त्यात. कोण गेलं होतं जागेवर? मी रोज त्या वाटेने जातो. फावडं घेतलेलं कुत्रंसुद्धा तिथे आलं नाही!”

त्याने बूट चढवले. पोतं खांद्यावर टाकलं. बोंडं त्याच्या मानेला टोचत होती. त्याला पत्ता नव्हता.

“जातो आणि ती चौकट फोडतो. खाली सही आहे, कोंबडीने उकरल्यासारखी, एक अक्षर लागत नाही. पण शिक्का तुमच्याच प्रयोगशाळेचा आहे. तू सगळ्यांना ओळखतेस, क्लावा. तो हरामखोर कोण ते मला सांग. ही बोंडं त्याच्या घशात कोंबतो, एकेक करून. नाव सांग!”

क्लावदिया रिकामी बादली घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ती अगदी हलक्या हाताने खाली ठेवली, जणू अजून भरलेलीच होती.

“त्या दिवशी रस्त्यावर गुडघाभर चिखल होता, रोद्या,” ती म्हणाली. “पंचायतीच्या ड्रायव्हरने माती भरलेल्या बरण्या आणून दिल्या, आणि कागदावर मी सही केली.”