गालाची साक्ष

पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला आणि इस्त्रीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांत त्याच्या हातून साधा रुमाल करपला नव्हता. इस्त्रीवरच्या आकड्यांच्या चकतीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कापडाला टेकवण्याआधी तो इस्त्री उजव्या गालाजवळ धरी आणि गाल सांगेल ते ऐके. आज गालाने सांगितलं होतं, अजून तापली नाही.

त्याने सगळं खापर इस्त्रीवर फोडलं. दुरुस्तीवाल्याने ती खोलून पाहिली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली. त्याची अक्कल काढून हा हट्टाने नवी इस्त्री घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी तिने उशीच्या अभ्र्याला भोक पाडलं.

शेजारी घड्या घालत बसलेली बायको उठली. त्याच्या हातातली इस्त्री घेऊन तिने ती त्याच्या डाव्या गालाजवळ नेली. तो झटकन मागे सरला. मग तिने ती उजव्या गालाजवळ नेली. तो ढिम्म उभा.

"इस्त्री चांगली आहे," ती म्हणाली. "अहो, गाल बिघडलाय तुमचा."

दुखत नाही तर दवाखाना कशाला, हे पालुपद त्याने दोन दिवस चालवलं. तिसऱ्या दिवशी तिने दुकानाला कुलूप ठोकलं आणि त्याला घेऊन गेली. कानाखाली, खोलवर, हरभऱ्याएवढी गाठ निघाली. कॅन्सरची. बधिरपणा प्रत्येक वेळी वाईटच असतो असं नाही, डॉक्टर म्हणाले, पण दुखत नाही म्हणून लोक तो अंगावर काढतात. तुम्ही वेळेत आलात.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, आता कुठे काही दिसत नाही. गालाची संवेदना मात्र परत येईलच असं नाही.

दुकान पुन्हा उघडलं. आता इस्त्री बायको स्वतःच्या गालाजवळ धरी आणि मान डोलावून त्याच्या हातात देई. स्वतः धरून बघायची त्याला सक्त मनाई होती. पण तिची पाठ वळली की हा धरून बघेच, रोज थोडी आणखी जवळ. तीस वर्षांचा भरवशाचा गाल मुका झाला, हे त्याच्या मनाला पटतच नव्हतं.

एका सकाळी तो कळवळून ओरडला. बायकोने वळून पाहिलं. त्याचा उजवा गाल लालबुंद झाला होता आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ती गार पाणी घेऊन धावली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "जरा वेळ जळजळू दे."