बोटीवरून फोन

"फॅन दोनवर ठेव," आवाजवाला म्हणाला. "तीनवर बोट बुडतेय असं वाटतं."

रेकॉर्डिस्टने टेबलफॅन दोनवर केला आणि त्याच्या जाळीला पत्र्याचा डबा टेकवून धरला. घरघर सुरू झाली. रविवारचे चार वाजायला दोन मिनिटं होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत समुद्र तयार होता.

"उस्ताद, साबणाच्या जाहिरातीला एवढा घाम फुटत नाही तुम्हाला."

"साबण ऐकून कुणी मरत नाही."

आवाजवाल्याचा आवाज साऱ्या शहराच्या ओळखीचा होता, तोंड कुणाच्याच नाही. कार्टूनमधलं अस्वल तोच, लिफ्टमध्ये मजले सांगणारा तोच, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत लोकांच्या शिव्या खाणाराही तोच. पाच महिन्यांपूर्वी एका बाईने त्याला लिफ्टमध्ये ऐकलं. तिला उतरायचं होतं तिसऱ्यावर. ती सात वेळा वर-खाली करत राहिली. मग विचारत विचारत स्टुडिओत आली, त्याला एक वाक्य बोलायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

तिचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तिथेच अपघातात गेला. आईचं काळीज नाजूक, धक्का सोसायचं नाही, म्हणून आईला सांगितलंच नव्हतं. आठवड्याला एक फोन, दहा मिनिटं, भावाच्या आवाजात. एवढंच काम. तिने भावाची जुनी रेकॉर्डिंगं दिली, त्याच्या सवयी आणि खोड्या लिहिलेली वही दिली आणि एकच अट घातली: काही झालं तरी घरी यायचं नाही.

आवाजवाला नाही म्हणाला. पण त्याचं नाहीसुद्धा इतकं गोड असे, की समोरच्याला ते हो वाटायचं. बाई आभार मानून निघून गेली.

तेव्हापासून दर रविवारी चारला तो फोन लावत आला होता. एक शब्द चुकला, की पलीकडे एक म्हातारी संपली. आणि ते पाप जाहिरातीसारखं पुन्हा रेकॉर्ड करून सुधारता येणार नव्हतं.

चारला फोन लागला. पलीकडे नेहमीचं खोकणं, खाकरणं, मग तो थरथरता आवाज.

"जेवलास का?"

भाऊ बोलण्याआधी नाकातून हसत असे. आवाजवाला तसा हसला. "जेवलो, आई. पण बोटीवरचा स्वयंपाकी मीठ घालतो की समुद्रच ओततो, कळत नाही."

म्हातारी हसली. आजचा दिवस निभावला, असं त्याला वाटलं.

"राजा, एक विचारू? तो बाहेरच्या खोलीतला आरसा. फोडलास तू, आणि मार खाल्ला तुझ्या बहिणीने. आठवतं ना?"

आवाजवाल्याने वहीची पानं उलटली. आरसा होता वहीत. पण त्याखाली बहिणीने दोन रेघा ओढून लिहिलं होतं: 'हे आम्हा दोघांतलं. आईला कधीच कळलं नाही.'

मग आता कळलं कुठून? म्हातारीला वास आलाय. ती परीक्षा घेतेय. आठवतं म्हणावं तर कदाचित तिने टाकलेलं जाळं. नाही म्हणावं तर निदान वेळ मिळेल.

"कुठला आरसा? मला नाही आठवत, आई."

रेकॉर्डिस्टने डबा जाळीवर आणखी दाबला.

"नाही आठवत? केवढं मारलं होतं तिला. तू दाराआड उभा होतास."

"लहान होतो गं. कोण लक्षात ठेवतं एवढं?"

पलीकडे श्वास अडकला. काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

"रेंज गेली असेल," रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. डबा त्याने अजून जाळीला धरूनच ठेवला होता.

आवाजवाल्याने पुन्हा लावला. उचलला नाही. बहिणीच्या मोबाईलवर लावला. तोही वाजून वाजून थांबला. मग अट गेली खड्ड्यात. स्टुडिओच्या फॉर्मवर बाईचा पत्ता होता. त्याने टॅक्सी पकडली.

टॅक्सीत रेडिओ चालू होता. त्यात तोच आनंदाने खोबरेल तेल विकत होता.

"बंद करा तो."

"का हो साहेब? किती विश्वासाचा आवाज आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आमची मंडळी याच्याच सांगण्यावरून तेल आणते."

"म्हणूनच बंद करा."

घर तळमजल्यावर होतं. आवाजवाल्याचं बोट बेलपर्यंत गेलं आणि मागे आलं. म्हातारीनेच दार उघडलं तर? परका माणूस आणि तोंडात मुलाचा आवाज. राहिलेला धक्का तोच देईल. त्यापेक्षा इथूनच फोन लावावा. बोट बंदराला लागलीय म्हणावं, आरसा आठवला म्हणावं, चुकलो म्हणावं. तिचा श्वास ताळ्यावर आला, की आल्या पावली परत. तो अर्ध्या उघड्या खिडकीशेजारी भिंतीला टेकला आणि आईचा नंबर लावला.

आत फोन वाजला. त्याने मान वाकवून पाहिलं. पलंगावरची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली होती. भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी, एक तरुण आणि एक म्हातारी, दोघांपुढेही ताजी फुलं. खाली फरशीवर बहीण बसली होती. तिने बाहीने डोळे पुसले, जमिनीवर पडलेला फोन उचलला, दोनदा खोकली, खाकरली आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "बोल, राजा. घरात मी एकटीच आहे."