वरून आलेली ओ

लेकीला भेटायला इतक्या लांब आलेल्या आईनं तिची बॅग भरून दाराशी ठेवली आणि रडारच्या पडद्यासमोर येऊन बसली.

दुरुस्तीनंतर लेकीचं रडार मुकंच होतं. आज दुपारपर्यंत वरून काही आलं नाही, तर साहेब यंदापुरतं कुलूप लावणार आणि लेक घरी येणार. आईनं मनातल्या मनात कुलपाला कौल देऊन टाकला होता.

खिडकीबाहेर, ध्रुवाच्या उशाशी, न मावळणाऱ्या उन्हात खांबांच्या रांगा उभ्या होत्या. पडद्यावर नुसती ठिपक्यांची, मुंग्यांसारखी वळवळ.

"हे खांब करतात तरी काय गं?"

"हाक मारतात. रेडिओच्या लहरी वर सोडायच्या. विमानांच्याही खूप वर, उन्हाळ्यात बर्फाचे विरळ ढग होतात. तिथून लहर परत आली, की तिथली हवा कशी वाहते ते कळतं."

"उन्हाळ्यात बर्फ? ढगांचं डोकंबिकं फिरलंय का?"

"इथं ऊन असतं तेव्हाच तिथं कडाक्याची थंडी असते, आई."

"बरं. आणि वरून कुणी ओ दिली नाही तर?"

"परत हाक. सेकंदाला शेकडो. एकेक ओ इतकी बारीक, की गोंगाटात बुडून जाते. सगळ्या एकावर एक रचल्या, की मग कुठं उमटते."

"म्हणजे कटकटच की! आणि मी फोनवर दोनदा 'जेवलीस का' विचारलं, तर फणकारतेस."

लेक हसली. घड्याळाकडे बघितलं, आणि हसू मावळलं. साहेबांना कळवायला तिनं कोपऱ्यातला फोन उचलला.

आई एकटीच मुंग्या बघत बसली. मुंग्यांच्या मधोमध एक धागा दिसला. पुसट, विरलेला. लेक पाठमोरी होती. आईनं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

धागा जाड होत गेला.

"अगं ए! ठेव तो फोन! ओ आली बघ!"

लेक धावत आली आणि तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

"अशी खालीवर का हलतेय गं ती?" आईनं विचारलं.

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"माहीत नाही?"

आईनं उठून बॅग ओढत आणली, खुर्चीपुढं आडवी टाकली आणि तिच्यावर ऐसपैस पाय ठेवले.

"मग बघतेस काय? मार की परत हाक."