सोमवारची सभा

डॉक्टर श्रीकांत बोलायला उठले, तशी सुप्रभाने मांडीवरच हात जोडले. आता वरदाचं नाव निघेल.

वरदा तिची पाठची बहीण. तिकडे धडगावच्या डोंगरात बाळंतिणींसाठी चार खोल्यांचं घर चालवायची. दिवस भरत आले की पाड्यांवरच्या बायका नदीला पूर येण्याआधी तिथे येऊन राहत. ते घर चालायचं ब्रिटिश सरकारच्या मदतीवर. ती मदत चालू ठेवायची की बंद करायची, याचं बिल हिवाळ्यात पार्लमेंटमध्ये येणार होतं. त्यासाठीच खासदारांच्या ऑफिसातली एक गोरी मुलगी आज लेस्टरच्या मराठी मंडळात वही उघडून बसली होती. तुमच्या मायदेशाबद्दल तुम्हाला काय वाटतं, एवढंच तिला विचारायचं होतं.

सुप्रभाला स्वतःला सांगता येत नव्हतं. श्रावणातल्या सोमवारी सकाळी पूजा झाली की दिवेलागणीला उपास सोडेपर्यंत तिचं मौन असे. लेक देविका झाली तो दिवसही असाच सोमवार होता. तेव्हा लेबर वॉर्डातल्या नर्सला वाटलं होतं, या बाईला इंग्रजी येत नाही.

काल घरी जेवताना श्रीकांत तिला म्हणाले होते, "मी आहे ना! वरदाचं सगळं मी सांगतो. तू निवांत बस."

सभेचा रंग आधीच दिसला होता. मुरलीधरकाका तर ताडकन उठले होते. "चाळीस वर्षं या गोऱ्यांची आजारपणं काढली आम्ही. टॅक्स भरला. आणि आता शेजारचा म्हातारा कुंपणावरून मला विचारतो, आमच्या पैशावर तुम्ही चंद्रावर जाता का म्हणून! नको म्हणावं तुमची भीक."

"काका, तुमच्या पेन्शनलाही नको म्हणा मग," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

इथेच जन्मलेली शिल्पा चाचरत म्हणाली होती, "पण अंकल, लोक तर गरीब आहे ना अजून?"

"लोक आहे-त," काकांनी दुरुस्त केलं.

श्रीकांतनी कोटाचं बटण लावलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. भारत आता मागणारा राहिला नाही, ते म्हणाले. आम्हाला व्यापार हवा, दान नको. सुप्रभा वाट बघत होती. प्रस्तावना असेल. सभेत आधी लोकांच्या कलाने घ्यावं लागतं.

"आणि हे मी हवेत बोलत नाही," श्रीकांत म्हणाले. "माझ्या पत्नीची सख्खी बहीण आदिवासी भागात काम करते. तिचंही हेच मत आहे. फुकटच्या पैशाने माणसं पांगळी होतात, असं ती म्हणते."

गोऱ्या मुलीने ते वाक्य लिहून घेतलं.

सुप्रभाने नवऱ्याकडे पाहिलं. ते सगळ्यांकडे बघत होते, तिच्याकडे सोडून.

शेजारी बसलेली नीना तिच्याकडे झुकली. मंडळाचा हॉल बुक करायचं काम नीनाकडे असायचं. "अगं, वरदा असं म्हणाली? मला नवलच वाटलं बाई. म्हणून मी डॉक्टरांना म्हटलंही होतं, शनिवारी हॉल रिकामा आहे, शनिवारीच घेऊ, म्हणजे सुप्रभालाही बोलता येईल. तर म्हणाले, नको, सोमवारच बरा."

सुप्रभाला सकाळचे श्रीकांत आठवले. आज त्यांनी आपणहून बेलाची पानं धुऊन आणून दिली होती. किती वर्षांत असं केलं नव्हतं. तिला केवढं बरं वाटलं होतं.

"चला, हात वर करा," श्रीकांत म्हणाले. "मदत नको म्हणणारे?"

हातच हात. मुरलीधरकाकांनी तर दोन्ही वर केले.

"हवी म्हणणारे?"

शिल्पाचा हात निघाला, शेजारी बसलेल्या बापाकडे बघून केसांवरून फिरला आणि खाली आला. सगळ्या हॉलमध्ये मग एकच हात वर राहिला. हिरव्या बांगड्यांचा.

मौनात हात वर करायला बंदी नव्हती.

गोऱ्या मुलीने मान उंचावून पाहिलं. श्रीकांत हसत हसत मधे आले. "माय वाइफ. तिचा आज कडक उपास आहे, बोलतही नाही. घरी जायची वेळ झाली, असं सुचवतेय ती मला." हॉलमध्ये खसखस पिकली. मुलीनेही हसून मान डोलावली आणि वही मिटायला घेतली.

सुप्रभा उठून उभी राहिली.

"नो," ती म्हणाली. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. तिने घसा साफ केला आणि इंग्रजीतच पुढे म्हणाली, "वरदा माझी बहीण आहे. ती असं कधीच म्हणालेली नाही. ती काय म्हणते, ते मी सांगते."

हशा जागच्या जागी विरला. नीनाने तोंडावर हात ठेवला.

"सुप्रभा!" श्रीकांतचा चेहरा खरोखरच उतरला होता. "अगं, तुझं मौन! आज सोमवार आहे!"

"माहितीये मला. ते मी महादेवाशी निस्तरीन," ती मराठीत म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला व्हा. त्या मुलीला मी दिसत नाहीये."