वर्तकांचे शुद्धिपत्र

"चौथं प्रकरण वाचताना मला हसू आवरेना," साने म्हणाले, आणि वाचनालयाच्या माडीवर जमलेली मंडळी खुर्च्यांत सैलावली.

शनिवार पेठेतल्या या वाचक मंडळाने त्या महिन्यासाठी निवडलेले पुस्तक एका पत्रकाराने लिहिले होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी ओळख वाढवून त्यांची पुंजी लांबवणाऱ्या श्याम नावाच्या तरुणाची ती सत्यकथा होती. फसलेल्यांची नावे बदलली होती. चौथ्या प्रकरणातला 'निवृत्त आरेखक' म्हणजे खिडकीजवळ बसलेले गोपाळकृष्ण वर्तक, हे खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते. ते कधी कळू नये, एवढीच वर्तकांची इच्छा होती. त्यांचा शब्द अजून जिथे मानला जाई, अशी ही एकच जागा उरली होती.

मंडळात शेवटचे मत नेहमी वर्तकांचे असे. खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग तपासण्यात जन्म घालवलेल्या या गृहस्थांना पुस्तकात चूक सापडली नाही, असे सहसा होत नसे. पुलाची लांबी, गाडीची वेळ, बंदुकीची जात, काहीही. मंडळी त्याला 'वर्तकांचे शुद्धिपत्र' म्हणत आणि त्याची वाट पाहत. आज मात्र 'चूक आढळली नाही' एवढेच म्हणून खाली बसायचे, असे ते घरून ठरवून आले होते.

"मला तर त्या म्हाताऱ्यांचाच राग आला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "अनोळखी माणसाला घरात घ्यायचंच कशाला? आमच्याकडे गॅसवालासुद्धा दाराबाहेर उभा असतो."

"तुमच्याकडे पाहुणेही दाराबाहेरच उभे असतात," साने म्हणाले.

"विषयाला धरून बोला," पद्मजाताईंनी बजावले. त्या मंडळाच्या चिटणीस होत्या आणि सर्वांची मते टिपून घेत होत्या.

"विषयालाच धरून आहे. हा आरेखक बघा. श्याम दर शनिवारी त्याच्याकडे जातो. कशाला? तर ड्रॉइंगवर हातानं अक्षरं कशी काढायची, ते शिकायला. संगणकाच्या काळात! आणि आमच्या या विद्वानाला संशय म्हणून येत नाही." सान्यांनी पुस्तक उघडून डोळ्यांजवळ धरले. "ऐका. 'म्हाताऱ्याच्या कालबाह्य विद्येत रस असल्याचे सोंग श्यामने वर्षभर उत्तम वठवले.' श्यामला बक्षीस द्यायला हवं. वर्षभर तसलं ऐकून घेणं म्हणजे सक्तमजुरीच. कोर्टानं शिक्षेतून तेवढी वजा करावी."

सगळे हसले. पद्मजाताईंनीही पदर तोंडाला लावला.

"चला वर्तक," साने म्हणाले, "आता शुद्धिपत्र होऊ द्या. तुमच्याच धंद्यातला माणूस आहे."

वर्तकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा चढवला. ठरवलेले वाक्य जिभेवर तयार होते.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "आत्ता वाचलंत त्याच ओळीत. तिथे 'सोंग' हा शब्द बरोबर नाही."

"तो चोर होता हो, वर्तक."

"चोर होता. पण शिकत होता, ते खरं होतं." वर्तकांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "इंग्रजी एस काढताना वरचा गोल खालच्यापेक्षा किंचित लहान ठेवावा लागतो. सगळ्यांचा हात तिथेच अडतो. त्याचाही अडला. समोर चहा निवून जायचा, पण त्याची मान कागदावरून वर यायची नाही. मी पुरे म्हटलं, तर म्हणायचा, 'काका, एक ओळ अजून.'"

सान्यांनी आवाज न करता पुस्तक मिटले.

"ठेव मोडण्याच्या अर्जावर माझी सही त्यानंच केली. पोलिसांनी तो कागद माझ्यासमोर धरला. मी इंग्रजी सहीतला वडिलांच्या नावाचा एस पाहिला आणि सांगितलं, ही सही माझी नव्हे. माझा एस इतका चांगला येत नाही."

खाली रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तिचा आवाज थांबेपर्यंत ते थांबले.

"सोंग घेणाऱ्याला तसा एस काढता यायचा नाही. तेवढी दुरुस्ती लिहून घ्या, पद्मजाताई."

पद्मजाताईंनी पेन उचलले आणि तसेच हातात धरून ठेवले. पुढच्या महिन्याचे पुस्तक ठरवायचे राहून गेले. सुतकाच्या घरातून निघावे तशी मंडळी एकेक करून निघाली. सरोजिनीबाईंनी वर्तकांचा रिकामा कप त्यांना उचलू दिला नाही. आजवर प्रत्येकाने आपापला कप उचलावा, हा नियम बाईंचाच होता.

साने तेवढे जिन्यापाशी रेंगाळले.

"वर्तक, मी जरा जास्तच बोललो."

"पुस्तकावर बोललात. ते चालतं."

"तसं नव्हे." साने घुटमळले. "मी म्हणत होतो, मलाही शिकावंसं वाटतं ते. अक्षर. शनिवारी येऊ का?"

तपासायला आलेल्या ड्रॉइंगकडे पाहावे, तसे वर्तक त्यांच्याकडे पाहत राहिले.

"हे मात्र सोंग आहे, साने."

सान्यांनी मान खाली घातली. मग कोपऱ्यात टेकवलेली काठी उचलून त्यांनी वर्तकांच्या हातात दिली.