जरा डावीकडे

डोकं काळ्या कापडात खुपसून तो आपल्या ट्रंकेएवढ्या फिल्म कॅमेऱ्याच्या काचेत डोंगर न्याहाळत होता. डोंगर केवढा ते फोटोत कळावं, म्हणून त्याने मेव्हण्याला समोर तळ्याकाठी पाठमोरं उभं केलं होतं. या काचेत आकाश खाली दिसतं आणि डावं उजवीकडे, हे सांगून सांगून त्याने सासरच्यांचे कान किटवले होते.

काचेत मेव्हणा पाण्याच्या फारच जवळ दिसत होता.

"जरा डावीकडे सरक!" तो कापडातूनच ओरडला. "अरे, डावीकडे! पाण्याकडे कुठे निघालास? डावं-उजवं कळतं की नाही तुला?"

मेव्हणा बिचारा सांगितल्याबरहुकूम डावीकडे सरकत राहिला. कापड बाजूला झालं, तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

निघताना गाडी मागे घ्यायची होती. निथळता मेव्हणा आपणहून मागे उभा राहिला. "घ्या भाऊजी, डावीकडे... अजून डावीकडे... बिनधास्त या!"

धप्पकन मागचं चाक खड्ड्यात गेलं.



"रागावू नका भाऊजी, मी तुमच्या कॅमेऱ्यातलं डावं सांगत होतो."