रिकामा कोपरा

शिवणकाम सोडून टेलरबाईंनी परसात काचघर उभारलं. पण टोमॅटोची पहिलीवहिली रोपं उन्हाकडे पाठ करून मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वाकली.

"ट्रे फिरव, होतील सरळ," नवरा म्हणाला.

त्यांनी रोज ट्रे फिरवले. सकाळी रोपं पुन्हा कोपऱ्याकडेच!

"असले नखरे मी नाही चालवून घ्यायची," म्हणत एका दुपारी टेलरबाईंनी आतून कडी लावली आणि स्टूल घेऊन त्याच कोपऱ्यात ठाण मांडलं. "वाका आता माझ्याकडे!"

रोपं सरळ झाली. मग त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी बंद दाराकडे वळली.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने दाराजवळची रोपं त्यांच्या दिशेने फिरली. मग मधली. मग गुडघ्याजवळची.

आणि टेलरबाईंच्या रिकाम्या मांडीवर कुणीतरी बसल्यासारखा भार आला.